आवाज तिचा, वही त्याची

आकुर्डीत आमच्या इमारतीतली रविवारची सकाळ तळमजल्यावरून सुरू होते. तिथले अंकल मूळचे मडगावकडचे. टर्नर म्हणून बजाजमध्ये लागले, चेतकच्या भरात रात्रपाळ्या केल्या आणि इथलं उत्पादन २००७ मध्ये थांबलं त्याच्या आधीच व्हीआरएस घेऊन मोकळे झाले. रविवारी चर्चमधून आले की शर्टाची बाही दुमडून ते आधी स्पीकर लावतात. ट्रम्पेटचा एक लखलखीत तुकडा येतो आणि त्याच्या मागोमाग एका बाईचा आवाज. जाडसर, किंचित खरखरीत, शब्द चावून चावून फेकणारा. कोकणी कळत नसलं तरी पाय ठेका धरतात. मागच्या मे महिन्यात मी त्यांना विचारलं, ही कोण? "लोर्ना," ते म्हणाले आणि आवाज थोडा वाढवला. "आमची लोर्ना. एवढं गायली आणि मग वीस-बावीस वर्षं गप्प."

का, असं विचारल्यावर त्यांनी अंगठा आणि बोटं एकमेकांवर घासून एकच शब्द उच्चारला. "पेपर."

लोर्ना कॉर्देरोला गोव्यात आडनावानं कुणी हाक मारत नाही. लताला आपण जसं नुसतं लता म्हणतो, तसंच तिचं. जन्म १९४६ चा, मुंबईतला. घराणं गोव्याच्या साळगावचं. साठच्या दशकात मुंबईच्या नाइट क्लबांतून ती इंग्रजी गाणी गायची, आणि क्रिस पेरी नावाच्या संगीतकाराबरोबर तिनं जी कोकणी गाणी ध्वनिमुद्रित केली, ती आज पन्नासहून अधिक वर्षांनीही गोव्यातल्या लग्नांत वाजल्याशिवाय राहत नाहीत. 'बेबदो' म्हणजे दारुडा, 'पिसो' म्हणजे वेडा. शीर्षकांवरूनच कळतं की हे देवघरातलं संगीत नव्हे. हे नाचाचं, थट्टेचं, प्रेमात पडलेल्या आणि पाडलेल्या माणसांचं संगीत. कोकणी बोलीला जॅझचा कोट चढवला आणि तो तिला बेतून शिवल्यासारखा बसला.

तो कोट शिवणारा क्रिस पेरी हा मडगावच्या बोर्डा भागातला, जन्म १९२८ चा. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवणारा, चाली बांधणारा, नाटकं लिहिणारा आणि तालमीला कडक. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत. त्या शिक्षणानं भारतीय चित्रपटसंगीताला काय दिलं, याचा हिशेब आपण अजून नीट मांडलेला नाही. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड ही सगळी त्याच शाळांची मंडळी. मुंबईत धोबीतलावच्या आसपास, गावोगावच्या 'कुडां'मध्ये, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक मुक्कामांत, त्यांनी पथाऱ्या टाकल्या. दिवसा फिल्मी ध्वनिमुद्रण, रात्री चर्चगेटच्या हॉटेलांत जॅझ. पडद्यावर नाव एका संगीत दिग्दर्शकाचं, आणि मागे पन्नास वादकांपुढचे कागद लिहिणारा भलताच कुणी.

लोर्नाचं पुढं काय झालं ते समजायचं तर आधी हे कागद समजून घ्यायला हवेत.

बँड म्हणजे माणसं, असं आपण धरून चालतो. बँडवाल्यांच्या लेखी बँड म्हणजे 'बुक'. ट्रम्पेटनं काय वाजवायचं, सॅक्सोफोननं कुठं शिरायचं, पियानोवर कोणते कॉर्ड, गायिकेची पट्टी कोणती, ती कुठं श्वास घेणार, हे सगळं प्रत्येक वाद्यासाठी वेगळं लिहून ठेवलेली चोपडी म्हणजे बुक. वादक आजारी पडला तर त्याच्या जागी दुसरा येतो, समोर पान ठेवलं की वाजवतो. बुक हरवलं तर बँड उठला. आणि हे बुक बँडलीडरच्या पेटीत असतं. हॉटेलशी बोलणी तो करतो, पैसे तो घेतो, मग प्रत्येकाला त्याचा त्याचा वाटा देतो. गायिका कितीही गाजली तरी या व्यवस्थेत तिचं स्थान वादकाइतकंच. पोस्टरवर चेहरा तिचा असतो, पण चाल, मांडणी, बोलणी आणि पेटी यांतलं काहीच तिचं नसतं.

लोर्नाच्या बाबतीत हे दुहेरी खरं होतं, कारण ती ज्यासाठी ओळखली जात होती ती गाणी क्रिसची होती. तिच्याच गळ्यासाठी बांधलेली, पण त्याची. त्यातून दोघं एकमेकांच्या प्रेमात होती, आणि क्रिसला बायकामुलं होती. सत्तरच्या दशकात हे सगळं तुटलं. त्यानंतरची गोष्ट गोव्यात आणि धोबीतलावच्या वादकांत वर्षानुवर्षं सांगितली जाते. अंकलनी 'पेपर' म्हटलं ते हेच. क्रिसशिवाय कुणाबरोबर गाणार नाही असं तिनं लिहून दिलं होतं, तेही वर्षांच्या मुदतीसह, असं म्हणतात. कुणी म्हणतं कागदापेक्षा क्रिसचा दरारा मोठा होता आणि दुसरे बँडवाले तिला जवळ करायला धजत नसत. दारूच्या, एकटेपणाच्या कहाण्या त्याला जोडून चवीनं सांगितल्या जातात. गाणं थांबलेल्या बाईविषयी बोलताना लोकांना प्रेमभंग आणि दारू या दोन गोष्टी पुरतात. कागदापाशी कुणी थांबत नाही. मला तिथंच थांबायचं आहे.

कारण या कागदाला मोठा इतिहास आहे, आणि योगायोग असा की त्याच्या सुरुवातीलाही एक गायिकाच आहे. १८५२ मध्ये जोहाना वॅग्नर, म्हणजे संगीतकार रिचर्ड वॅग्नरची पुतणी, लंडनच्या एका नाट्यगृहात ठरावीक काळ गाण्याचा करार करून बसली होती. त्या काळात दुसरीकडे कुठं गायचं नाही अशी अट. प्रतिस्पर्धी नाट्यगृहानं जास्त पैसे देऊ केले, ती तिकडं निघाली, पहिला मालक बेंजामिन लम्ली कोर्टात गेला. न्यायाधीशांनी सांगितलं की तिला तुझ्याकडे गायला लावणं माझ्या हातात नाही, पण दुसरीकडे गाण्यापासून मी तिला रोखू शकतो. गळ्याकडून गाणं वसूल करता येत नाही, पण गळा बंद ठेवता येतो.

हा निकाल इंग्रजांनी आपल्याकडेही आणला. १८७७ च्या स्पेसिफिक रिलीफ कायद्यात कलम समजावण्यासाठी जी उदाहरणं दिली होती, त्यांत एक नेमकं हेच होतं: एकानं दुसऱ्याच्या थिएटरात बारा महिने गायचा आणि अन्यत्र जाहीर न गायचा करार केला, तर कोर्ट गाण्याची सक्ती करणार नाही, अन्यत्र गाण्याला मनाई मात्र करील. कायदा शिकणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांनी गाणाऱ्याला गप्प बसवण्याचं हे उदाहरण पाठ केलं.

दुसऱ्या बाजूला १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ आहे. कुणालाही त्याचा कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल, असं ते सांगतं. या दोन्हींचा मेळ सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्ये घातला, आणि तो खटला आपल्या कारखानदारीच्या भाषेतला आहे. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधला टायर कॉर्ड विभागाचा एक शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांचा करार अर्धवट टाकून जास्त पगारावर कोट्याच्या कंपनीत गेला. न्यायालय म्हणालं, कराराची मुदत चालू आहे तोवरची बंदी चालेल. म्हणजे नोकरी चालू असताना बांधून ठेवता येतं, पण नोकरी संपल्यावर माणसाच्या हातातलं कसब काढून घेता येत नाही.

या हिशेबानं बँड सुटल्यानंतरही गाऊ नकोस असं सांगणारा कागद खरोखर असता, तरी कोर्टात तो टिकणं अवघड होतं. पण कोर्टात कोण जाणार? चाकण-भोसरीत आज रोजंदारीवर असलेल्या कुणालाही विचारा. सात महिन्यांनी 'ब्रेक' देणं कितपत कायदेशीर आहे, हे त्याला ऐकून माहीत असतं. तरीही तो ठेकेदाराविरुद्ध जात नाही, कारण पुढच्या गेटवर उभा असलेला ठेकेदार याच ठेकेदाराचा मेहुणा असतो. लोर्नाचं जग याहूनही लहान होतं. मूठभर हॉटेलं, मूठभर बँड, एकच भाषा, एकच चर्च, एकमेकांना ओळखणारी कुटुंबं. एवढ्याशा जगात कागद खरा असण्याचीही गरज नसते. तो आहे अशी बोलवा पुरते.

त्याच शहरात, साठच्या दशकात लता मंगेशकर गायकांना रॉयल्टी हवी म्हणून भांडत होत्या. मोहम्मद रफींचं म्हणणं वेगळं होतं: गाण्याचे पैसे मिळाले, विषय संपला. या मतभेदापायी दोघांनी काही वर्षं एकत्र गाणं सोडलं. लता तो रुसवा झेलू शकल्या, कारण त्यांच्यावाचून संगीतकारांचं अडत होतं. गोव्याच्याच केरी गावच्या केसरबाई केरकर तर ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत कमालीच्या सावध होत्या, आणि साठच्या दशकात स्वतःच ठरवून त्यांनी मैफली थांबवल्या. केसरबाईंचं मौन त्यांच्या मालकीचं होतं. लोर्नाचं तसं नव्हतं.

कायद्याच्या पुस्तकातही तिला जागा नव्हती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गीतकार होता, संगीतकार होता, ध्वनिमुद्रण करणारी कंपनी होती. गाणारा माणूस नव्हता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस देव आनंद यांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की नटानं केलेल्या अभिनयावर त्याचा असा वेगळा कॉपीराइट नसतो. सादर करणाऱ्याचा हक्क कायद्यात आला तो १९९४ च्या दुरुस्तीनं. आधी पंचवीस वर्षांचा, १९९९ मध्ये पन्नास वर्षांचा झाला. गायकांना व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीत वाटा मिळण्याची सोय २०१२ च्या दुरुस्तीत झाली. 'बेबदो'ची तबकडी एचएमव्हीनं काढली तेव्हा यातलं काहीच नव्हतं. आवाजाचे पैसे एकदाच मिळायचे.

आणि तरी ती परतली. १९९५ मध्ये, वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर, रॉनी मोन्सेरात या संगीतकाराच्या आग्रहानं ती पुन्हा मायक्रोफोनपाशी आली. 'हॅलो लोर्ना' ही नवी कॅसेट निघाली आणि गोव्यात तिला ऐकायला लोटलेल्या गर्दीची आठवण लोक आजही काढतात. अंकल त्या वर्षी रजा टाकून गेले होते. "सुरवातीला घाबरली होती गो," ते सांगतात, "मग लोकांनीच गाणं सुरू केलं." एवढ्या वर्षांत तिची गाणी तिच्याशिवाय गावोगाव वाजत राहिली होती. रेडिओवर, मांडवात, आखाती देशांत गेलेल्या पोरांच्या टेपरेकॉर्डरवर. क्रिस पेरी पुढं दुबईत संगीताची शाळा चालवत होता. तो २००२ मध्ये गेला. त्याची चोपडी त्याच्यापाशी राहिली असेल, पण गाण्यांची आणखी एक प्रत हजारो माणसांच्या तोंडी होती आणि त्या प्रतीवर कुणाचंच कुलूप नव्हतं.

पुढं बार्ड्रॉय बार्रेटो यांनी क्रिसच्याच गाण्यांवर 'नाचोंया कुंपासार' हा कोकणी चित्रपट केला. ट्रम्पेटवाला बँडलीडर आणि त्याची गायिका यांची गोष्ट. नावं बदललेली, पण गोव्यात कुणालाही विचारावं लागलं नाही. त्यातला ट्रम्पेटवाला म्हणजे आपला विजय मौर्य. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि गायिकेची भूमिका करणाऱ्या पलोमी घोषचा विशेष उल्लेख झाला. चित्रपट देखणा आहे. पण प्रेमकथा पडद्यावर जितकी शोभते तितका करार शोभत नाही. प्रेक्षक प्रियकराला माफ करून घरी जातात. मालकाचा प्रश्न अंधारातच राहतो.

परवा प्राधिकरणातल्या एका हॉलमध्ये जुन्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा होता. श्रोते बहुतेक निवृत्त कामगार, गुडघ्यांना पट्टे बांधून आलेले. गाणारी मुलगी पंचविशीची असेल. आठवडाभर कुठल्याशा कंपनीच्या स्टोअरमध्ये बसते, शनिवार-रविवारी 'नाइट' करते. कार्यक्रम संपल्यावर ऑर्केस्ट्रावाल्यानं पाकीट दिलं. तिनं ते तिथंच उघडून मोजलं, याचं शेजारच्या बाईंना जरा नवल वाटलं. मग ती सामान भरू लागली तेव्हा दिसलं: एक जाडजूड वही, प्रत्येक पानावर गाणं, पट्टी, अंतऱ्याआधी किती मात्रा थांबायचं, कुठं कोरस, आणि वहीच्या पुठ्ठ्याला दोऱ्यानं बांधलेला पेनड्राइव्ह. ऑर्केस्ट्रावाला म्हणाला, "ट्रॅक राहू दे माझ्याकडं, पुढच्या शोला लागतील."

"लागले की मला बोलवा," ती म्हणाली आणि वही पिशवीत टाकून आकुर्डी स्टेशनकडे निघाली.