समुद्र नसलेल्या भामरागडला वादळ कसं गाठतं?

आता तुम्ही म्हणाल, गडचिरोलीतल्या भामरागडचा आणि बंगालच्या उपसागराचा संबंध काय? तर संबंध आहे. पावसाळ्यात उपसागरावर कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं आणि ओडिशा, छत्तीसगड ओलांडत विदर्भाकडे सरकतं. वाटेत बस्तरमध्ये धो-धो पाऊस पडतो, इंद्रावती फुगते. भामरागडजवळ इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा एकत्र येतात. आता बघा, थोरली नदी तुडुंब असली की धाकटीच्या पाण्याला वाट मिळत नाही. ते मागे तुंबतं, पुलावर चढतं, बाजारपेठेत शिरतं. म्हणजे गावात ऊन असतानाही पूर येऊ शकतो! २०१९च्या पावसाळ्यात गावाने असे पूर वारंवार सोसले.

पूर ओसरल्यावर तिथे गेलात, तर नुसत्या पडक्या भिंती पाहू नका. तुटलेला रस्ता पाहा. पलीकडच्या गावातली अडलेली बाळंतीण, साप चावलेला माणूस याच रस्त्याने दवाखान्यात यायचा असतो. म्हणून खरी मदत पावसाळ्याआधीची: गावोगाव धान्य आणि औषधं पोचवणं, दिवस भरत आलेल्या बाईला दवाखान्याजवळ आणून ठेवणं. आणि जगदलपूरकडे इंद्रावती चढली, ही खबर इथे वेळेत पोचवणं.