गॅरेजच्या भिंतीवरील पोलादी पत्रा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मोटार ठेवण्याची खोली पुष्कळदा राहत्या घराला लागूनच बांधलेली असते. या खोलीस तेथे गॅरेज म्हणतात. तिच्या भिंती बहुधा विटांच्या नसतात. साधारणतः सोळा-सोळा इंचांच्या अंतराने लाकडी दांडे उभे करून त्यांवर जिप्समचे फलक बसवितात. गिलाव्यासारखे ओले काम यात करावे लागत नाही. म्हणून अशा भिंतीस 'ड्रायवॉल', म्हणजे कोरडी भिंत, हे नाव पडले. या फलकाच्या दोन्ही अंगांस जाड कागद व मध्ये जिप्समचा गाभा असतो. त्याच्या आद्य रूपाचे एकस्व ऑगस्टीन सॅकेट याने १८९४ साली मिळविले.

बैठकीच्या खोलीत हा फलक उत्तम टिकतो. गॅरेजमध्ये मात्र त्याचे हाल होतात. मोटारीच्या दाराचा धक्का किंवा फावड्याचे टोक लागले की त्यास खळगा पडतो. हिवाळ्यात चाकांबरोबर येणाऱ्या बर्फाचे पाणी झाले म्हणजे खालची कड भिजून भुसभुशीत होते. यावर उपाय म्हणून अनेक गृहस्थ भिंतीवर पन्हळी पोलादी पत्रे बसवितात.

पन्हळी पत्रा आपल्याकडेही सर्वपरिचित आहे. त्याचे एकस्व लंडनच्या हेन्री रॉबिन्सन पामर याने १८२९ साली घेतले. वहीचा सपाट कागद एका कडेने धरला तर तो खाली लवतो. परंतु त्यास घड्या घालून पन्हळी केल्या, तर तोच कागद ताठ राहतो. पातळ पत्र्यास कणखरपणा येतो तो याच कारणाने. १८३७ साली फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल याने लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याच्या कृतीचे एकस्व घेतले. हे जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजते व लोखंडास गंजापासून वाचविते.

असा मजबूत पत्रा हाती आल्यावर साहजिकच एक विचार मनात येतो. खराब झालेला जिप्समचा फलक काढून टाकून पत्रा थेट लाकडी दांड्यांवर ठोकला तर काय बिघडेल? येथेच मोठी चूक होण्याचा संभव असतो.

पोलाद जळत नाही, हे खरे. परंतु न जळणे आणि आग अडविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पोलाद उष्णतेचे सुवाहक आहे. पत्र्याच्या एका अंगास ज्वाळा लागल्या की दुसरे अंग लागलीच तापते आणि मागील लाकूड पेट घेऊ शकते. उलट जिप्सम दुर्वाहक आहे. शिवाय त्याच्या स्फटिकांत पाणी बद्ध असते. शंभर किलोग्रॅम शुद्ध जिप्सममध्ये सुमारे २१ किलोग्रॅम. आगीची धग लागली म्हणजे या स्फटिकजलाची वाफ होऊ लागते आणि त्या कामी पुष्कळ उष्णता खर्ची पडते. हे पाणी निघून जाईपर्यंत फलकाच्या मागील अंगाचे तापमान १०० अंश सेल्सियसच्या आसपास रेंगाळते. गॅरेजमध्ये पेट्रोल असते, रंग असतात, आणि भिंतीपलीकडे माणसे निजलेली असतात. त्यांना जागे होऊन बाहेर पडण्यास जो अवधी मिळतो, तो या फलकामुळे. म्हणूनच अमेरिकेतील बहुतेक राज्ये ज्या नमुना-संहितेचा आधार घेतात, तीत घर व गॅरेज यांमधील भिंतीवर गॅरेजच्या अंगाने किमान अर्धा इंच जाडीचा जिप्सम फलक किंवा त्याच्या तोडीचे आवरण आवश्यक मानले आहे.

तेव्हा पत्रा फलकाच्या जागी नव्हे, तर फलकावर बसवावयाचा. त्यापूर्वी फलकाची भोके व सांधे लांबीने भरून घ्यावे लागतात आणि भिजून मऊ झालेला भाग बदलावा लागतो. केवळ जिप्सममध्ये स्क्रूची पकड टिकत नाही. तो आतील लाकडात शिरलाच पाहिजे. झाकलेले दांडे शोधण्यास साधा लोहचुंबक उपयोगी पडतो; फलकाखालच्या जुन्या स्क्रूंवर तो चिकटतो. पन्हळी आडव्या ठेवल्यास पत्रा प्रत्येक दांड्यास आपोआप छेदतो. त्या उभ्या हव्या असतील, तर प्रथम दांड्यांना आडव्या लाकडी पट्ट्या जखडाव्या लागतात. पहिला पत्रा पाणसळीने नीट लावला नाही, तर पुढचे सर्व पत्रे तिरके जातात.

पत्रा घासून कापणाऱ्या चक्रीने कापल्यास तापलेल्या ठिणग्यांनी मुलामा करपतो. म्हणून कात्री बरी. हातमोजे अवश्य हवेत. विजेचा प्रवाह मुख्य कळीपाशी बंद केल्यावाचून खटक्यांभोवतीचे काम करू नये. विजेच्या पेट्या पत्र्याच्या पृष्ठभागापर्यंत पुढे आणाव्या लागतात; एरवी पत्र्याच्या धारेने तारेचे आवरण सोलले गेल्यास सबंध भिंतीत वीज उतरण्याचा धोका असतो. हे काम जाणत्या वीजतंत्र्याकडूनच करवून घेणे श्रेयस्कर. तापमानात ४० अंशांचा फरक पडला की तीन मीटर लांबीचा पत्रा सुमारे दीड मिलिमीटर वाढतो. त्यासाठी कडांशी थोडी फट ठेवतात. जमिनीपासूनही पत्रा किंचित उचललेला असावा. कारण रस्त्यावरील बर्फ वितळविण्याकरिता टाकलेले मीठ चाकांबरोबर आत येते आणि खारे पाणी जस्ताचा मुलामा लवकर झिजविते.

अशा रीतीने सिद्ध झालेल्या भिंतीत दोन पदार्थ आपापले काम करतात. धक्के सोसणे हे पोलादाचे काम, आणि आग थोपविणे हे जिप्समचे. दुसरे काम डोळ्यांना दिसत नाही, एवढ्यावरून ते अनावश्यक ठरत नाही.