प्रकाशाच्या अंमलाखालील रेणू
जालन्याच्या पोलाद-कारखान्यांत तापून लाल झालेली सळई ज्याने पाहिली आहे, त्याला उष्णतेने पदार्थ कसा पालटतो हे निराळे सांगावयास नको. परंतु उष्णतेला अवसरच न देता, केवळ प्रकाशाच्या विद्युत्क्षेत्राने रेणू एका दिशेस वळवावेत व त्यांतील इलेक्ट्रॉन हिरावून घ्यावा, हे मला त्याहून अद्भुत वाटते.

सेकंदाच्या दशलक्षांशाचा पुन्हा अब्जांश म्हणजे एक फेम्टोसेकंद. अशा काही दशक फेम्टोसेकंदांचे लेसर-स्पंद नायट्रोजनवर पडले, की त्या लांबट रेणूतील इलेक्ट्रॉनांचा मेघ अक्षाच्या दिशेस अधिक सहज सरकत असल्यामुळे रेणूस पीळ बसतो. स्पंद सरल्यावरही ती गती उरते, आणि सुमारे ८.४ पिकोसेकंदांनी, प्रकाश केव्हाच निघून गेला असता, रेणू क्षणमात्र पुन्हा एका रांगेत येतात! स्पंदाची तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला १०० लक्ष कोटी वॅटच्या घरात गेली, म्हणजे इलेक्ट्रॉनला कोंडणारा तटच वाकतो व त्यातून तो निसटतो. याहून प्रखर स्पंदात अनेक इलेक्ट्रॉन गमावलेला रेणू धनभारांच्या परस्पर प्रतिकर्षणाने फुटतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दीपक माथूर, जी. रवींद्र कुमार प्रभृतींनी १९९०च्या दशकात हे तुकडे टिपले. ते क्षेत्राच्या दिशेसच अधिक सापडतात. पण मग लेसरने रेणू वळवले, की मुळातच त्या दिशेचे रेणू तेवढे फुटले? हलका हायड्रोजन स्पंदाच्या अवधीतच वळू शकतो. जड आयोडीनला तेवढी उसंत मिळत नाही.