चार पानांचे संगीत मासिक

बाजारात कधीही न येणारे मासिक तयार करायचे आणि तेही अवघ्या चार पानांचे! ब्रिटनमधील असंख्य विद्यार्थ्यांनी वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी हा उद्योग केला आहे. आपल्या अकरावी-बारावीच्या वयाचे विद्यार्थी तेथे 'ए लेव्हल'चा अभ्यास करतात. त्यातील माध्यम अभ्यास या विषयासाठी 'ओसीआर' या परीक्षा मंडळाने २००८ पासून राबवलेल्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाच्या प्रकल्पाचा एक पर्याय होता : नव्या संगीत मासिकाचे मुखपृष्ठ, अनुक्रमणिकेचे पान आणि मुख्य लेखाची समोरासमोरची दोन पाने. २०१७ मध्ये नवा अभ्यासक्रम आला आणि प्रकल्पांचे विषय दरवर्षी बदलू लागले. मात्र त्या जुन्या प्रकल्पाची आखणी आजही समजून घेण्यासारखी आहे. वरवर पाहता ते सजावटीचे काम. प्रत्यक्षात तो आपला वाचक कोण, हे ठरवण्याचा धडा होता.

उसने काही नाही

प्रकल्पाचा मुख्य नियम कडक होता. सर्व मजकूर आणि सर्व छायाचित्रे विद्यार्थ्याची स्वतःची हवीत. छायाचित्रे किमान चार. इंटरनेटवरून एखाद्या प्रसिद्ध गायकाचे छायाचित्र उचलून लावण्याची सोय नव्हती. मुख्य कामाआधी सराव म्हणून शाळेच्या मासिकाचे मुखपृष्ठ व अनुक्रमणिका तयार करावी लागे. एकूण १०० गुणांपैकी २० गुण संशोधन व नियोजनाला, ६० प्रत्यक्ष निर्मितीला आणि २० स्वतःच्या कामाच्या परीक्षणाला.

या नियमामुळे विद्यार्थ्यापुढे खरी अडचण उभी राहते. कलाकार म्हणून उभा करायला हाताशी असतो तो वर्गमित्र. त्याला शाळेच्या व्हरांड्यात उभे करून छायाचित्र काढले, की त्यात कलाकार दिसत नाही, विद्यार्थीच दिसतो. मग कपडे, पार्श्वभूमी, प्रकाशाची दिशा, हातातील वाद्य या प्रत्येक गोष्टीचा विचार करावा लागतो. 'प्रतिमा घडवली जाते' हे पुस्तकातील वाक्य येथे अनुभवाला येते.

आधी वाचक, मग रंग

नवखा विद्यार्थी बहुधा रंग आणि अक्षरवळण निवडण्यापासून सुरुवात करतो. खरे तर ती शेवटची पायरी. संगीत मासिके एकमेकांपासून वेगळी ठरतात ती वाचकामुळे. १९८१ मध्ये सुरू झालेल्या 'केरँग!'चा वाचक हेवी मेटल व रॉकचा चाहता. गिटारच्या झणत्काराचा ध्वनीच त्याचे नाव झाला आणि नावाची अक्षरेही तडकलेल्या काचेसारखी. १९९३ मध्ये निघालेले 'मोजो' जुन्या रॉक संगीतावर प्रेम करणाऱ्या प्रौढ वाचकासाठी. तेथे दीर्घ लेखांना जागा मिळते. १९८६ च्या 'क्यू'ने लाल चौकोनातील एका अक्षरावर ओळख उभी केली. ही तिन्ही मुखपृष्ठे शेजारी ठेवली, तर रंग आणि अक्षरांमागे वाचकाचे वय, खिसा आणि आवड उभी असल्याचे लक्षात येते.

मुखपृष्ठाचे संकेतही असेच कारणांतून आलेले आहेत. दुकानाच्या मांडणीत अंक एकावर एक सरकवून ठेवले, की अनेकदा डावी पट्टीच उघडी राहते. म्हणून महत्त्वाचे शब्द डावीकडे येतात. मुखपृष्ठावरची व्यक्ती थेट कॅमेऱ्यात पाहते, कारण त्या नजरेने ग्राहक थबकतो. छापील अंकासाठी छायाचित्र साधारणतः दर इंचाला ३०० बिंदू इतक्या स्पष्टतेचे लागते. संगणकाच्या पडद्यावर सुरेख दिसणारे लहान चित्र कागदावर फुटते.

खरी परीक्षा प्रश्नांची

पाने तयार झाल्यावर विद्यार्थ्याला सात प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत. प्रचलित मासिकांचे कोणते संकेत पाळले, कोणते मोडले? कोणत्या समाजगटाचे चित्रण केले? असे मासिक कोणती संस्था वितरित करील व का? वाचक कोण, त्याला आकर्षित कसे केले? तंत्रज्ञानाबद्दल काय शिकलात? सरावाच्या कामापासून किती पुढे आलात?

यातील चित्रणाचा प्रश्न सर्वांत अवघड. मुलीच्या हातात गिटार दिली की तिला केवळ शोभेसाठी उभे केले? रॅप संगीताच्या मासिकात कृष्णवर्णीय तरुण रागीट चेहऱ्यानेच का दाखवला? 'सगळी मासिके तसेच करतात' हे उत्तर पुरेसे नाही, कारण निवड आता विद्यार्थ्याची असते.

देवनागरीत करायचे तर?

आपल्याकडेही पत्रकारितेच्या अनेक अभ्यासक्रमांत प्रायोगिक अंक काढले जातात. तेथे हिंदुस्थानी संगीताचे मासिक करायचे ठरवले, तर इंग्रजी मासिकांचे संकेत जसेच्या तसे चालणार नाहीत. मुखपृष्ठावरील व्यक्तीचे डोके मासिकाच्या नावावर थोडे चढवण्याची पद्धत आहे. रोमन अक्षरांचा खालचा भाग झाकला तरी नाव बहुधा ओळखता येते. 'सूर' या नावाचा उकार झाकला, तर मात्र 'सर' उरते! वेलांटी, मात्रा, रफार यांना शिरोरेषेच्या वरही जागा सोडावी लागते. शिवाय आलापीत रंगलेल्या गायकाचे डोळे अनेकदा मिटलेले असतात. मग ग्राहकाकडे रोखलेली नजर हवी, की मैफिलीतील तल्लीनता? याचे उत्तर वाचक ठरल्याशिवाय देता येणार नाही.

ज्या मासिकांकडे पाहून ब्रिटनमधील मुले शिकली, त्यांतील काहींची छापील वाटचाल दरम्यान थांबली. १९५२ पासून निघणाऱ्या 'एनएमई'चा साप्ताहिक छापील अंक मार्च २०१८ मध्ये बंद झाला. २०२३ मध्ये तो द्वैमासिक रूपात परतला. 'क्यू' २०२० मध्ये थांबले. म्हणजे विद्यार्थी शिकले ते मावळते कसब, असे कोणी म्हणेल. परंतु कोणासाठी, कोणाचे आणि कसे चित्र उभे करायचे, हा प्रश्न कागदाबरोबर संपलेला नाही. मोबाइलवर रोज छायाचित्रे टाकणाऱ्या मुलांना तर तो अधिकच लागू आहे. फरक इतकाच, की आता तो त्यांना विचारणारा परीक्षक समोर नसतो.