कात्री नेमकी कोणाच्या हातात होती?

सुरुवातीच्या बोलपटांविषयी बोलणं निघालं की हमखास ऐकू येतं: अमेरिकेत १९३४ साली सरकारने सेन्सॉर आणलं, त्याआधी हॉलिवूडमध्ये सगळं मोकळं होतं. यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. ज्याला हेज कोड म्हणतात तो कायदा कधीच नव्हता. विल हेज हे स्टुडिओमालकांच्याच संघटनेचे प्रमुख होते आणि ती नियमावली मालकांनी १९३० साली स्वतःच स्वीकारली. १९३४च्या जुलैपासून जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाने ती कडकपणे राबवायला घेतली, एवढाच बदल झाला. त्याआधीही न्यूयॉर्क, ओहायो, पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यांची मंडळं चित्रपट कापतच होती, कारण १९१५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण नाकारलं होतं आणि तो निकाल १९५२पर्यंत टिकला. मालकांनी स्वतःला शिस्त का लावून घेतली? कॅथलिक संघटनांनी बहिष्काराचा धाक घातला होता आणि सरकारी कायदा येण्याची भीतीही होती. शिवाय पॅरामाउंट, वॉर्नर, एमजीएमसारख्या पाच बड्या कंपन्यांकडे निर्मिती, वितरण आणि मोक्याची चित्रगृहं अशी तिन्ही अंगं असल्याने ब्रीनचा शिक्का नसलेला चित्रपट लावायला चांगलं थेटर मिळणंच अवघड होतं. आधी पटकथा तपासली जाई, मग चित्रीकरण होई.

आपल्याकडे चित्र वेगळं होतं, आणि बेळगाव-निपाणीच्या वाचकाला ते नकाशावरूनच समजेल. १९२९ साली शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली ती कोल्हापुरात, म्हणजे संस्थानाच्या हद्दीत. निपाणी आणि बेळगाव मात्र इंग्रजी मुलखातल्या मुंबई इलाख्यात. कोल्हापुरात काहीही चित्रित करा, ते इंग्रजी हद्दीत दाखवायचं तर १९१८च्या कायद्याप्रमाणे सेन्सॉर मंडळाचं प्रमाणपत्र हवं. मुंबईच्या मंडळाचे अध्यक्ष होते पोलीस कमिशनर. वर जिल्हा मॅजिस्ट्रेटला वाटलं तर दिलेलं प्रमाणपत्रही आपल्या जिल्ह्यापुरतं तो स्थगित करू शकत असे. प्रभातने १९३० साली शिवाजी महाराजांवर काढलेल्या मूकपटाचं ‘स्वराज्याचे तोरण’ हे नाव मंडळाला चाललं नाही, तो ‘उदयकाल’ म्हणून पडद्यावर आला. १९३५ साली बालगंधर्वांनी एकनाथांची भूमिका केलेल्या ‘महात्मा’चं ‘धर्मात्मा’ झालं. ‘महात्मा’ म्हटलं की लोकांना गांधीच आठवत, हे सरकारला ठाऊक होतं.

यावर कोणी म्हणेल, नीतीच्या नावाखालीही कापाकापी होत होतीच, मग फरक काय? होत होती, आणि मुंबईच्या मंडळाने इंग्लंडमधल्या सेन्सॉरच्या नियमांचा आधारही घेतला होता. पण खरा धाक कशाचा होता, हे ‘कुंकू’मुळे कळतं. म्हाताऱ्या नवऱ्याशी फसवून लावलेलं लग्न मानायलाच नकार देणारी नायिका प्रभातने १९३७ साली दाखवली आणि तो चित्रपट सुटला. विवाहसंस्थेचं पावित्र्य राखा असं हॉलिवूडच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलेलं होतं. ब्रीनच्या टेबलावर ‘कुंकू’ बराच अडला असता असं मला वाटतं. म्हणजे घरातल्या अन्यायावर आपल्याकडे बोलता येत होतं, स्वराज्यावर नाही. जेवढं बोलता आलं तेवढं शांताराम यांनी बोलून घेतलं, याचं मोल मला फार वाटतं.

दुसरा आक्षेप असा की प्रभातचे संतपट सेन्सॉरच्या भीतीपोटीच निघाले. भीती काही प्रमाणात होतीच, पण तेवढ्याने ‘संत तुकाराम’ मुंबईत वर्षभराहून जास्त चालत नाही. लोकांना ओळखीची भक्ती, ओळखीची बोली पडद्यावर हवी होती. आणि ‘स्टुडिओ पद्धत ही अमेरिकेची, प्रभात म्हणजे घरचं कुटुंब’ हाही भाबडेपणाच आहे. नट, तंत्रज्ञ, सुतार सगळे मासिक पगारावर होते आणि मालकही त्याच आवारात राबत. मात्र हॉलिवूडसारखी शेकडो चित्रगृहं हाताशी नव्हती. त्यामुळे तयार चित्रपट मंडळाने अडवला की तोटा थेट मालकांच्या खिशातून जाई. हॉलिवूडमध्ये खटका कागदावरच उडे. इथे मात्र सेट उभे राहून, रिळं तयार झाल्यावर.

मुंबई, कलकत्ता, मद्रासची वेगवेगळी मंडळं जाऊन केंद्राचं एकच मंडळ १९५१ साली आलं. बेळगाव तेव्हाही मुंबई राज्यातच होतं; म्हैसूर राज्यात ते गेलं १९५६ साली, म्हणजे १९५१पूर्वीच्या प्रभातच्या प्रत्येक चित्रपटावरची कात्री या भागासाठी मुंबईतच चालली.