आधी पत्रा, मग इंजिन: रे रोड परिसरात जुनी हॅचबॅक पारखताना

जुनी हॅचबॅक घेताना मुंबईत आधी पत्रा पाहावा, इंजिन नंतर. छोट्या पेट्रोल गाड्यांचे इंजिन इथल्या कोणत्याही गल्लीतल्या मेकॅनिकला तोंडपाठ असते. क्लच प्लेट, रेडिएटर, शॉकअप बदलता येतात, वेळ पडली तर अख्खे इंजिन उतरवून पुन्हा बांधता येते. कुजलेला तळ मात्र कितीही पैसे ओतले तरी कारखान्यातून आला तसा होत नाही.

रे रोडला हे विशेष लागू पडते. १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांच्या नावाचा हा पट्टा बंदराला खेटून आहे. पूर्वेला दारूखान्यातला लोखंड-भंगाराचा व्यापार आणि जहाजतोडणी, त्यापलीकडे समुद्र. घोडपदेव, माझगाव, शिवडी, कॉटन ग्रीन इथल्या गाड्यांना बंद गॅरेज सहसा मिळत नाही. त्या बारा महिने रस्त्याकडेला खारी हवा खात उभ्या असतात. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते, त्यामुळे पाऊस थांबला तरी गंज थांबत नाही. कमी चाललेली, एका हातची गाडी म्हणून जी आवर्जून दाखवली जाते, ती याच कारणाने फसवी ठरू शकते. किलोमीटर थोडे असले तरी पत्र्याने पावसाळे सगळे सोसलेले असतात.

बाजारात या वर्गात दिसणाऱ्या गाड्या मोजक्याच आहेत. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने मध्यमवर्गाला पहिली आटोपशीर गाडी दिली. तिची लांबी जेमतेम ३,३३५ मिलिमीटर, त्यामुळे लालबाग-परळच्या चाळींच्या बोळात ती वळायची. जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. १९९८ ची सँट्रो, १९९९ ची वॅगनआर, २००० ची अल्टो, २००५ ची स्विफ्ट आणि २००७ ची आय-टेन या तिच्यानंतरच्या. सुरक्षेचा विचार केला तर २०१९ ही सीमारेषा मानावी. त्या वर्षी नव्या गाड्यांना एबीएस आणि चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या सीटची एअरबॅग सर्व नव्या गाड्यांत यायला २०२१ चा शेवट उजाडला. पैसे पुरत असतील तर जुन्या मोठ्या गाडीपेक्षा २०१९ नंतरची लहान गाडी घेणे केव्हाही शहाणपणाचे.

पाहणी दिवसाउजेडी आणि कोरड्या गाडीची करावी. नुकत्याच धुतलेल्या गाडीचे पाणी रंगातले डाग लपवते. गंज सुरू होतो तो नजरेआड: डिकीच्या दाराची खालची कड, मागच्या चाकांवरच्या कमानी, दारांखालची पट्टी, स्टेपनीचा खड्डा आणि बोनेटखाली शॉकअप जिथे बसतात ते माथे. स्टेपनी उचलून खालचा पत्रा बोटाने दाबून पाहावा. पायाखालचे मॅटिंग उचलायला विक्रेता नाही म्हणाला, तर त्या नकारातच उत्तर मिळाले असे समजावे. कापडात गुंडाळलेले लोहचुंबक इथे उपयोगी पडते. रंगाखाली जाड लांबी भरलेली असेल तिथे ते नीट चिकटत नाही. बंपर प्लॅस्टिकचा असल्याने ही परीक्षा त्याला लागू नाही.

दुसरा शत्रू तुंबलेले पाणी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला फक्त ७३. म्हणजे गाडी मुंबईची एवढे कळून भागत नाही, ती कोणत्या भागात उभी राहायची हे विचारावे लागते. हिंदमाता आणि परळचा सखल भाग पाणी साचण्यासाठी प्रसिद्धच आहे. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून चकचकीत करता येते, पण चिखल कोपऱ्यात राहतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला की शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ दिसते. सीटच्या रुळांवर गंज, डॅशबोर्डखालच्या वायरींच्या जोडांवर हिरवट थर, दिव्यांच्या काचेत आतून साचलेले धुके, बंद गाडीत कुबट वास या बाकीच्या खुणा. अशी गाडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. तिच्या वायरिंगचे बिघाड पुढची कित्येक वर्षे एकामागून एक निघत राहतात.

अपघाताचा माग काढायला बोनेट आणि दारांभोवतीच्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्या आहेत का ते पाहावे. बोनेटच्या आणि मडगार्डच्या बोल्टांवरचा रंग उडालेला असेल, तर ते कधीतरी खोललेले आहेत. काचांवरचे उत्पादन-वर्ष गाडीच्या वर्षाशी जुळायला हवे. एखादीच काच नवी असेल तर तिची हकिगत विचारावी. बंपर घासलेला असणे हा दोष नव्हे, मुंबईत तो अटळ आहे. पुढचे ॲप्रन किंवा पिलर वेल्डिंग केलेले असतील तर मात्र सौदा तिथेच सोडावा.

इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे. ग्राहक येण्याआधीच बोनेट गरम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे. दमट हवेत सुरुवातीला सायलेन्सरमधून थोडी पांढरी वाफ निघणे स्वाभाविक आहे. ती थांबलीच नाही तर कुलंट जळत असण्याची शक्यता असते. निळसर धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो. ऑइलच्या झाकणाखाली साईसारखा पिवळट थर असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. मारुती ८०० च्या आणि जुन्या अल्टोच्या ७९६ सीसी इंजिनाला टायमिंग बेल्ट असतो, तो कधी बदलला याचा पुरावा मागावा. मारुतीच्या नंतरच्या के-मालिकेच्या इंजिनांना साखळी असल्याने हा प्रश्न उरत नाही.

ट्रायलसाठी हा परिसर सोयीचा आहे. बॅरिस्टर नाथ पै मार्गावर ट्रकांच्या गर्दीत गाडी दहा मिनिटे रेंगाळली, तीही एसी लावून, की रेडिएटर, पंखा आणि क्लच तिघांची परीक्षा होते. क्लच पेडल अगदी वर आल्यावरच पकडत असेल तर प्लेट संपत आली आहे. रे रोडच्या २०२५ मध्ये खुल्या झालेल्या केबल-स्टेड पुलाच्या चढावर गाडीला किती पिकअप आहे ते समजते. बंदराकडच्या उखडलेल्या रस्त्यांवर शॉकअपची खडखड ऐकू येते. मग ऑरेंज गेटपासून ईस्टर्न फ्रीवेवर चढावे. सपाट सरळ रस्त्यावर एकसारख्या वेगात गाडी एका बाजूला खेचते का, स्टिअरिंग थरथरते का, हे तिथेच कळते.

मीटरवरच्या आकड्यावर विसंबू नये, डिजिटल मीटरही मागे फिरवता येतो. पेडलांचे रबर, स्टिअरिंगची झीज आणि सर्व्हिस सेंटरची जुनी जॉब कार्डे जास्त खरे बोलतात. टायरवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. टायर, बॅटरी, क्लच असे जे खर्च समोर दिसतात, ते किमतीतून वजा करून बोलावे.

सीएनजी किट असेल तर टाकीची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट झाली आहे का ते टाकीच्या पट्टीवरून आणि प्रमाणपत्रावरून पाहावे. किटची नोंद आरसी बुकात आणि विम्यात हवी. टाकीच्या वजनाने मागचे सस्पेन्शन बसलेले असू शकते. गाडी आधी टॅक्सी म्हणून धावली होती का, हेही नोंदींवरून तपासावे.

कागदांकडे घाईत होणारे दुर्लक्ष सर्वांत महागात पडते. आरसी बुकातला चॅसी आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतः ताडून पाहावा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागते आणि १ एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले. पर्यावरण कर वेगळा. त्यामुळे चौदा वर्षांची गाडी दिसते तितकी स्वस्त नसते. कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३०, शिवाय थकलेले ई-चलान फेडल्याची खात्री, इतके हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. एजंटमार्फत व्यवहार असेल तर त्याच्याकडे आरटीओचे अधिकारपत्र आहे का ते विचारावे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना ते बंधनकारक आहे.

विक्रेत्याने चौदा दिवसांत आणि खरेदीदाराने तीस दिवसांत हस्तांतर आरटीओला कळवायचे असते. विमाही चौदा दिवसांत नावावर करून घ्यावा. नो-क्लेम बोनस जुन्या मालकाकडेच राहतो. गाडी विकली तरी नोंद जुन्या नावावर राहिली, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून नाव बदलून घेण्याची निकड विकणाऱ्यालाही घेणाऱ्याइतकीच आहे, आणि त्यासाठी दोघांनी मिळून आरटीओचे काम पुरे करावे.