समुद्राच्या तळाशी राहिलेली शिदोरी

१९६८ च्या ऑक्टोबरात ‘आल्विन’ नावाची छोटी अमेरिकन पाणबुडी अटलांटिक महासागरात बुडाली. तिला पाण्यात सोडणारे पोलादी दोर तुटले. आतली तिघे माणसे कशीबशी बाहेर पडली, पण त्यांची दुपारची शिदोरी मात्र आतच राहिली. सुमारे दहा महिन्यांनी १,५४० मीटर खोलीवरून पाणबुडी वर काढली, तो काय! सँडविच ओलेचिंब, पण नासलेले नाहीत, सफरचंदेही चांगली. तेच अन्न पुढे शीतकपाटात ठेवले, तर काही आठवड्यांत नासले! तळाशी थंडीच्या जोडीला हवेच्या दीडशेपट दाब होता. दोहोंनी मिळून सूक्ष्मजंतूंना जणू गुंगी आणली होती, असे शास्त्रज्ञांनी ठरवले.

मग त्या काळोखात कसली वस्ती असणार, असे कोणालाही वाटावे. पण हीच आल्विन १९७७ साली पॅसिफिकमध्ये, गालापागोस बेटांजवळ, अडीच हजार मीटर खाली उतरली. मोहिमेवर भूशास्त्रज्ञ होते, जीवशास्त्रज्ञ एकही नव्हता. त्यांना हवे होते समुद्रतळाचे ऊन पाण्याचे झरे. झरे सापडले, पण भोवती शिंपल्यांची आणि नळीत राहणाऱ्या लांबलचक कृमींची ही दाटी! नमुने टिकवायचे औषध पुरेना, तेव्हा बोटीवरची वोडका कामी आली.

या मोठ्या कृमींना तोंड नाही, आतडे नाही. मग ते जेवतात कसे? कॉलीन कॅव्हॅनॉ या हार्वर्डच्या विद्यार्थिनीने एका व्याख्यानात ऐकले की, त्यांच्या अंगात गंधकाचे स्फटिक सापडतात. तिने तिथल्या तिथे उठून सांगितले, हे जंतूंचेच काम! १९८१ मध्ये तिने ते पुराव्यानिशी दाखवले. कृमीच्या पोटात असंख्य जंतू बिऱ्हाड करून असतात. झऱ्यातून येणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचा (सडक्या अंड्यांची दुर्गंधी ती हीच, आणि आपल्याला तो विषच) ते प्राणवायूशी संयोग घडवतात आणि त्या शक्तीवर कार्बन डायऑक्साइडपासून अन्न तयार करतात. झाडे उन्हात करतात ते हे काळोखात! सूर्याचे ऋण अगदीच फिटले असे मात्र नव्हे; तो प्राणवायू वरच्या उजेडातल्या वनस्पतींनीच दिलेला.

आपल्या हिंदी महासागराच्या तळच्या झऱ्यांतलाही एक नमुना सांगतो. तो जंतूंचा दूरचा भाऊबंद, आर्किया कुळातला. जपानी शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये त्याला मोठ्या दाबाखाली १२२ अंश सेल्सियसला वाढवून दाखवले. घरच्या प्रेशर कुकरात साधारण १२० अंशांवर आपली डाळ शिजते; हा तिथे संसार थाटतो. आणि ऐंशी अंशांच्या पाण्यात, जिथे आपला हात भाजेल, त्याची वाढ खुंटते.